ठासणीच्या बंदुकीची गोळी

रेवस हें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे तें बोटीमुळें. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून कुलाब्याच्या किनाऱ्यास लागणारा उतारू येथें पाय टेकीत आला आहे. आणि १७ जुलै १९४७ रोजीं याच बंदराकडे यावयास निघालेली 'रामदास' बोट शेंकडों माणसांसह बुडाली, ती हकीकत अजून घराघरांतून सांगितली जाते. धरमतरच्या खाडीच्या मुखावर, करंजाच्या समोर वसलेल्या या गांवाच्या दक्षिणेस मांडवें, थळ आणि समुद्रांतले खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग लागतात. अलीकडे कनकेश्वराचा डोंगर उभा आहे. इतिहास म्हटला कीं या टापूंत आपली दृष्टि साहजिकच आंग्र्यांच्या आरमाराकडे आणि तोफांकडे वळते. आम्ही आज वाचकांचें लक्ष एका फार लहान वस्तूकडे वेधूं इच्छितों. ती वस्तु म्हणजे कोंकणांतील शेतकऱ्याच्या घरीं खुंटीला टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीची शिशाची गोळी.

बंदुकांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बंदुका किती होत्या, त्या कोणाकडून आल्या आणि कोणत्या लढाईंत उडाल्या याचा हिशेब देतात. नळींत काय घालीत, तें कोण ठरवी, आणि त्या निवडीचें फळ समोरच्या प्राण्याला कसें भोगावें लागे, याची विचारपूस सहसा होत नाहीं. सांबर किंवा भेकर मारावयास कोणती गोळी घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां चार शिकाऱ्यांच्या गप्पांतला वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकांत या प्रश्नावर मोठा वाद झाला. त्या वादाचे दोन धागे हिंदुस्थानच्या रानांतून निघाले होते. आणि त्याचा निकाल कोणाच्या हातीं कोणतें हत्यार असावें या राजकीय प्रश्नाशीं जाऊन भिडला. म्हणून तो इतिहासाच्या अभ्यासकाच्याहि विचारास योग्य आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हत्यार समजून घेऊं. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची बंदूक. शिंगांतली दारू मापानें नळींत ओतावयाची, तिच्यावर चिंधीचा बोळा गजानें ठासावयाचा, मग गोळी किंवा छरे सोडून ते जागचे हलूं नयेत म्हणून पुन्हां बोळा बसवावयाचा. मागील बाजूस कानावर रंजक घालून ती पेटत्या तोड्यानें शिलगावीत, तेव्हां ती तोड्याची बंदूक; गारेच्या ठिणगीनें शिलगावीत, तेव्हां ती चकमकीची; आणि पुढें स्फोटक द्रव्य भरलेली तांब्याची टोपी निघाली, तेव्हां ती टोपीची. शिलगावण्याची रीत अशी दोनदां पालटली, पण भरण्याची रीत तीच राहिली. एक बार उडाल्यावर दुसरा भरावयास निदान अर्धें मिनिट लागे. आणि तेवढ्या अवकाशांत भेकर डोंगराची एक सोंड ओलांडून गेलेलें असे. म्हणून शिकाऱ्याचा सारा भरंवसा पहिल्या बारावर.

नळीचें माप गोळीच्या वजनावरून ठरे. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यांतली एक जिच्यांत नेमकी बसेल ती बारा नंबरची नळी. सोळा पाडल्या, तर सोळा नंबरची. नंबर चढत गेला कीं नळी बारीक होत जाते, याचें कारण हेंच. बारा नंबरच्या गोळीचा व्यास सुमारें १८.५ मिलिमीटर आणि वजन सुमारें ३८ ग्रॅम भरतें. हें माप मागाहून निघालेल्या काडतुसी बंदुकांसहि लागू राहिलें.

वाटोळ्या गोळीचा एक गुणधर्म येथें ध्यानांत ठेवला पाहिजे. तिचें वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत बदलतें. व्यास निम्मा केला, तर वजन अष्टमांश होतें. हवेचा विरोध मात्र तिच्या दर्शनी क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर, अवलंबून असतो. त्यामुळें लहान गोळीचा वेग हवा लवकर खाऊन टाकते, आणि मोठी गोळी तो अधिक काळ टिकवून धरते. छरे म्हणजे लहानपणाची परमावधि. पांखरासाठीं ते ठीक. सांबराच्या जाड कातड्यांत मात्र ते थोड्याशा अंतरावरून मारले तरी रुतून बसतात, काळजापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत पोंचत नाहींत. जनावर उडी मारून निघून जातें, जखम चिघळते, आणि तें दोन-चार दिवसांनीं कोठल्या तरी जाळींत मरून पडतें. तें ना शिकाऱ्याच्या पदरीं पडत, ना जगत.

मग कोणी हरणावर छरे कां घालावे? उत्तर सोपें आहे. गुळगुळीत नळींतून सुटलेल्या एकट्या गोळीचा नेम बेभरंवशाचा. नळींत दारूची काजळी सांचते, म्हणून गोळी नळीपेक्षां किंचित् लहान पाडावी लागते. ती सुटतांना आंतल्या आंत या बाजूवरून त्या बाजूवर आपटत जाते, आणि शेवटचा धक्का जिकडून बसेल त्यावरून तिची दिशा कलते. पन्नास-साठ पावलांपलीकडे वितीएवढ्या मर्मस्थानाचा वेध घेणें हा बराचसा नशिबाचा भाग. पुष्कळ छरे घातले तर एखादा तरी लागेल, ही आशा. लागण्याची खात्री हवी कीं मरण्याची, असा हा पेंच होता. जाणता शिकारी त्यांतून आपला मार्ग काढी: गोळी तेल लावलेल्या पातळ चिंधींत गुंडाळून नळींत घट्ट बसवावयाची, आणि जनावर जवळ येईपर्यंत हात आवरावयाचा. यांत गोळीइतकीच धीराचीहि निवड होती.

युद्धांत असा धीर धरण्यास सवड नसे. ग्रँट डफनें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत मावळ्यांची ख्याति तलवारीची आणि कोंकणांतल्या हेटकऱ्यांची बंदुकीची म्हणून सांगितली आहे. या बंदुकांना शिसें लागे, आणि तें बरेंचसें समुद्रावरून येई. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं सुरतेच्या फ्रेंचांकडून ऐंशी तोफा आणि आपल्या बंदुकांस पुरेल इतकें शिसें घेतल्याची हकीकत ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें नमूद केली आहे. १६७९ मध्यें खांदेरी बेटाचा ताबा घेऊन मराठ्यांनीं मुंबईकर इंग्रज आणि सिद्दी या दोघांशीं जी झुंज दिली, ती रेवसापासून फार दूर नव्हे. अशा झुंजींत शिपायाला गोळी नळींत झटपट घसरावी एवढेंच हवें असतें. समोर माणसांची रांग असते, आणि कोणाला तरी कोठें तरी लागलें म्हणजे काम झालें. जखमी शत्रूहि लढाईंतून बाद होतो. त्याला उचलून नेणारे दोघे आणखी बाद होतात. शिकारींत जखमी जनावर म्हणजे केवळ फसलेलें काम आणि एक पाप. एकाच शिशाच्या गोळीकडून युद्ध आणि शिकार यांच्या अपेक्षा किती भिन्न आहेत, हें येथेंच दिसूं लागतें.

हा भेद एकोणिसाव्या शतकांत अधिकच रुंदावला. नळीच्या आंतून मळसूत्रासारखे चर पाडले, तर गोळीला गिरकी मिळते आणि ती नेमानें जाते, हें युरोपांत फार पूर्वीं ठाऊक होतें. अशी नळी म्हणजेच रायफल. अडचण अशी कीं चरांत घट्ट रुतणारी गोळी तोंडाकडून ठासतांना फार वेळ आणि फार जोर लागे. म्हणून सैन्यांत गुळगुळीत नळीच चाले. या अडचणीवरचा तोडगा सुचण्यास हिंदुस्थानांतील एक साधें खेळणेंवजा हत्यार कारण झालें, असें या विषयाचे इतिहासकार सांगतात. ३४ व्या पलटणींतील कॅप्टन जॉन नॉर्टन हा १८२३ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानांत असतां त्यानें तेथील लोकांची फुंकणी पाहिली. फुंकणींतल्या बाणाच्या बुडाशीं कमळाच्या देंठाच्या गाभ्याचा तुकडा लावलेला असे. फुंकर मारतांच तो फुगून नळी बंद करी, आणि सगळी वाफ बाणाच्या पाठीशीं लागे. शिशाच्या गोळीचें बूड पोकळ केलें तर दारूच्या धुरानें तेंहि असेंच फुगेल, असें नॉर्टनच्या मनांत आलें. त्यानें तशी लांबट, टोंकाला निमुळती गोळी तयार केली. इंग्रज सरकारनें ती स्वीकारली नाहीं. विल्यम ग्रीनर या बंदुका बनविणाऱ्या कारागिरानें १८३५ च्या सुमारास केलेल्या तशाच गोळीचीहि तीच गत झाली. अखेर १८४९ मध्यें मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानें हीच कल्पना सिद्धीस नेली, तेव्हां इंग्रजांनीं त्याला वीस हजार पौंड मोजले. ग्रीनरच्या वांट्याला १८५७ मध्यें एक हजार आले.

नळींत सैल उतरावी आणि सुटतांना फुगून चरांत रुतावी, अशी ही लांब गोळी दूरवर माणूस टिपण्यास अजोड ठरली. १८५३ ची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर बनली. तिची नळी ०.५७७ इंचाची, आणि गोळी सुमारें ५३० ग्रेन, म्हणजे ३४ ग्रॅमांच्या आसपास. परंतु चर असलेल्या नळींतून कागदांत गुंडाळलेली गोळी सुरळीत खालीं जावयाची, तर तिला स्निग्ध लेप हवा. १८५७ च्या उठावाच्या संदर्भांत चरबीच्या काडतुसांची कथा आपण शाळेंत शिकतों. तिच्या मुळाशीं गोळीच्या आकारांतला हा पालट होता, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. एका गोळीच्या बुडाची कल्पना दक्षिणेंतून विलायतेस गेली, तेथून काडतूस होऊन परत आली, आणि तिनें बराकींतल्या असंतोषाला ठिणगी दिली. त्या असंतोषाचीं कारणें अर्थातच खोल आणि अनेक होतीं.

उठाव मोडल्यावर राज्यकर्त्यांनीं काढलेला धडा लक्षांत घेण्याजोगा आहे. हिंदी शिपायांसाठीं १८५८ मध्यें एन्फील्डच्याच रूपाची, पण आंतून गुळगुळीत नळीची बंदूक मुद्दाम करण्यांत आली. बाहेरून दोन्ही हत्यारें सारखीं; एकाची गोळी सहाशें पावलांवर धाक घाली, दुसरीचा शंभर पावलांपलीकडे भरंवसा नाहीं. कोणत्या हातांत कोणती गोळी द्यावी, हें कळण्याइतकें त्या गोळीचें मोल सरकारला पुरतें समजलें होतें.

युद्धांत लांब गोळीचा असा बोलबाला होतांच शिकारीहि तिच्या मागें लागले. विलायतेंतले बंदूकवाले शिकारीच्या रायफलींना तीच गोळी घालून विकूं लागले. या लाटेविरुद्ध ज्यानें युक्तीनें आणि प्रयोगानें आवाज उठविला, तो कॅप्टन जेम्स फोर्सिथ. हा सातपुड्याच्या रानांत वावरलेला अधिकारी. पंचमढीला १८६२ मध्यें 'बायसन लॉज' हा बंगला त्यानेंच बांधला, आणि मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८७१ मध्यें निघाला. त्यापूर्वीं १८६३ मध्यें त्यानें शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: रानांतल्या शिकारीला जुनी वाटोळी गोळीच श्रेष्ठ, मात्र नळीचे चर अगदीं मंद पिळाचे असावे, आणि दारू भरपूर घालावी.

याचें कारण गणितानें समजतें. लांब गोळी हवेंत कोलमडूं नये म्हणून तिला जलद गिरकी लागते, आणि त्यासाठीं चरांचा पीळ जलद ठेवावा लागतो. अशा नळींत दारू वाढविली, तर मऊ शिसें चर सोडून सरळ घसरतें. म्हणून दारू बेताची. आणि गोळी जड, दारू बेताची, तेव्हां वेग कमी. आतां हवेचा विरोध सोडून देऊन नुसतें गुरुत्वाकर्षण हिशेबांत घ्या. सेकंदास १,२०० फूट वेगाची गोळी १५० यार्ड जाईपर्यंत सव्वादोन फूट खालीं येते. १,६०० फूट वेगाची सव्वा फूटच येते. चांदमारीच्या मैदानांत अंतर मोजलेलें असतें, तेव्हां नेमाची पट्टी सरकवून हा फरक भरून काढतां येतो. रानांत सांबर नव्वद यार्डांवर आहे कीं दीडशें, हें कोणी सांगावें? अंदाज तीस-चाळीस यार्डांनीं चुकला, कीं मंद गोळी काळजाऐवजीं पोटांत किंवा पायांत बसते. वेगवान वाटोळ्या गोळीचा मार्ग त्या टप्प्यांत इतका सपाट, कीं शिकाऱ्याचा अंदाज चुकला तरी गोळी फारशी चुकत नाहीं. शिवाय निमुळती गोळी अरुंद भोंक पाडून आरपार निघून जाई; जनावर कोसच्या कोस पळे, आणि रक्ताचा माग धड लागत नसे. मऊ शिशाची मोठी वाटोळी गोळी आंत पसरून आपला सगळा धक्का तेथेंच देई. फोर्सिथनें चौदा नंबरच्या सुमाराच्या नळीला १०४ इंचांत एक फेर इतका मंद पीळ सुचविला. हत्तीगव्यांसाठीं शिशांत कथील मिसळून गोळी कठीण करीत. हरणासाठीं शुद्ध मऊ शिसेंच हवें, यावर त्या काळच्या अनुभवी शिकाऱ्यांचें बहुतांशीं एकमत होतें.

या विचाराच्या अगदीं विरुद्ध टोंकाला त्याच काळीं जनरल जॉन जेकब उभा होता. मुंबई सरकारच्या तोफखान्यांतला हा अधिकारी. सिंधमधील जेकबाबाद त्याच्या नांवाचें. त्यानें लांब गोळीच्या टोंकांत स्फोटक द्रव्य भरून ती फार लांबवर फोडण्याचे प्रयोग केले. १८५८ मध्यें तो वारला, पण फुटणाऱ्या गोळीची कल्पना शिकारीनेंहि उचलली. पुढें १८६८ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें युरोपीय राष्ट्रांनीं एकत्र येऊन ४०० ग्रॅमांहून हलका स्फोटक गोळा युद्धांत वापरूं नये असें ठरविलें. कारण शत्रूला निरुपयोगी करणें एवढेंच युद्धास पुरे, त्याच्या यातना वाढविणें नव्हे. माणसापुरता हा विवेक करारांत उतरला. मुक्या जनावराच्या बाजूनें असा करार करण्यास कोण बसणार? तेथें शिकाऱ्याची स्वतःची बुद्धि हाच कायदा.

पण ही बुद्धि चालविण्यास निवडीचें स्वातंत्र्य हवें, आणि नेमकें तेंच कोंकणांतल्या शेतकऱ्याजवळ राहिलें नव्हतें. आंग्र्यांचें कुलाबा संस्थान १८४० मध्यें कंपनी सरकारनें खालसा केलें. १८७८ मध्यें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला, आणि परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा एतद्देशीयांना गुन्हा ठरला; युरोपियनांना मात्र मोकळीक राहिली. १८८७ च्या मद्रासच्या राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्याच सुमारास साहेबाच्या हातीं मागून भरावयाची काडतुसी रायफल आली, आणि वाटोळी कीं लांब हा वाद त्याच्यापुरता जुना झाला. खेड्यांत मात्र पिकाच्या राखणीसाठीं परवाना मिळे, तो बहुधा ठासणीच्या गुळगुळीत नळीचा. दारू मोजकी, शिसें मोजकें. भाताच्या खाचरांत रात्रीं डुकरें उतरत. त्यांच्यासाठीं भरून ठेवलेली बंदूक अवचित समोर आलेल्या सांबरावरहि उडे. फोर्सिथ ज्या प्रश्नावर पुस्तक लिहूं शकला, तो प्रश्न या शेतकऱ्यापुढें उभाच राहत नव्हता. जें मिळेल तें नळींत जाई. आपल्या पूर्वजांच्या हातून घायाळ झालेल्या जनावरांचा दोष केवळ त्यांच्या निष्ठुरतेला देणाऱ्यानें ही बाजूहि पाहावी.

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेस फणसाडचें रान जंजिऱ्याच्या नबाबाचें राखीव शिकारीचें रान होतें. तेथें हत्यारहि उत्तम आणि हांकाहि मोठा; सभोंवतालच्या गांवकऱ्याला मात्र त्या रानांतलें जनावर आपल्या शेतांत आलेलें पाहणें एवढाच अधिकार. १९४८ मध्यें जंजिरा संस्थान विलीन झालें. मुंबई राज्यानें १९५१ मध्यें वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, १९७२ मध्यें संबंध देशासाठीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९८६ मध्यें फणसाड अभयारण्य ठरलें. आज तेथें सांबर, भेकर, पिसोरी आणि शेकरू यांना नबाबाच्या किंवा शेतकऱ्याच्या, कोणत्याच गोळीचें भय असूं नये, अशी कायद्याची इच्छा आहे. हरणाची शिकार आतां कोणत्याहि गोळीनें केली तरी गुन्हाच आहे, आणि तें योग्यच आहे.

बंदूक मात्र पुष्कळ घरांतून टिकून आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं शेतीसंरक्षणाचा परवाना घेऊन कोंकणांत ठासणीच्या बंदुका अजून बाळगल्या जातात, आणि निवडणुका आल्या कीं त्या पोलीस ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम निघतो. त्यांच्याबरोबर कांहीं घरांच्या अडगळींत दारूचें शिंग, मापाची नळकांडी, आणि गोळ्या पाडण्याचा चिमट्यासारखा लोखंडी साचा पडलेला असावा. वस्तुसंग्रहालयांत आपण लांबलचक नळ्या आणि चांदीचें काम केलेले दस्ते पाहतों. साचा कोणी मांडून ठेवीत नाहीं, कारण तो गंजलेला आणि कुरूप असतो. परंतु त्या साच्याच्या पोकळीचा व्यास मोजला, तर घरची बंदूक किती नंबरची, तिची गोळी किती वजनाची, ती कशासाठीं पाडली जाई, छऱ्यांची वेगळी घडण होती कीं नव्हती, हें सारें कळूं शकतें. शेंकडों घरांतलीं अशीं मापें एकत्र केलीं, तर सरकारनें काय दिलें आणि लोकांनीं त्यांतून काय निवडलें, याचा असा पुरावा हातीं येईल, कीं जो कोणत्याहि दप्तरांत नाहीं.

आमची वाचकांस विनंति एवढीच, कीं ज्यांच्या घरीं अशीं साधनें असतील त्यांनीं तीं मोडींत घालूं नयेत. व्यास मोजून, वजन करून, आणि घरांतलीं वडील माणसें त्यांविषयीं जें सांगतील तें तारखेसह लिहून ठेवावें. तोफांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. एका बारांत जनावर जागच्या जागीं पडावें म्हणून जो मनुष्य गोळी चिंधींत गुंडाळून बसवीत होता, त्याची हकीकत लिहावयास त्याच्या घरच्यांवांचून दुसरें कोणी उरलेलें नाहीं.